पाय पाहून अंथरूण

मी निवृत्त गणित शिक्षक आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जो मूर्खपणा येणार आहे, तो अडाणीपणातून घडला असं कुणी म्हणू नये.

बत्तीस वर्षं रामटेकात फळ्यावर आलेख काढले. आडवा क्ष-अक्ष, उभा य-अक्ष, दोघं भेटतात तो आरंभबिंदू, आणि उजव्या हाताला वरच्या कोपऱ्यात 'प्रमाण : य-अक्षावर १ सेमी = ५ एकक'. हे प्रमाण लिहायला जो विसरला त्याचा अर्धा गुण मी कापला. एकदा एक पालक शेतातून तसेच चिखलाच्या पायांनी शाळेत आले. "सर, आलेख तं बरोबर हाय ना? मंग अर्धा मार्क काहून कापला?" मी म्हटलं, "आलेख बरोबर आहे, पण तो केवढ्याचा आहे ते लिहिलेलं नाही." ते म्हणाले, "दिसून तं राहिला ना केवढा हाय तो!" मी हसलो आणि मार्क काही दिला नाही. त्या गृहस्थांची हाय मला लागली असावी.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. रामटेकात राहणाऱ्या माणसाला व्यायामासाठी वेगळा खर्च नाही, गड आहेच. रोज पहाटे मी गडमंदिरापर्यंत चढायचो, रामाला हात जोडायचो आणि माकडांची नजर चुकवून खाली यायचो. गडावरचं माकड आधी माणसाकडे बघतच नाही, पिशवीकडे बघतं. पिशवी केवढी, त्यावर तुमची किंमत ठरते. घरी आलं की इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभं राहायचं आणि आकडा वहीत टिपायचा. दहा दिवसांत दहा आकडे झाले. पहिला ७८.६ किलो, दहावा ७८.२.

अशात भाचा सुट्टीला आला. तो नागपूरला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यानं वही पाहिली.

"मामाजी, हे काय लिहून राहिले तुम्ही? द्या इकडं, ग्राफ काढून देतो."

लॅपटॉपवर पायथन नावाची भाषा, तिच्यात मॅटप्लॉटलिब नावाची लायब्ररी. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, दुसऱ्यानं आधीच लिहून ठेवलेल्या कामांची. पोरानं चार ओळी बडवल्या आणि पडद्यावर निळी रेघ उमटली. डाव्या हाताला अगदी छताजवळ सुरू झालेली ती रेघ धडाधड खाली येत उजव्या कोपऱ्यात भुईला टेकली होती. गडाच्या कड्यावरून धोंडा सोडला तर तो असाच येईल.

ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली. बघितलं आणि दारातच थबकली.

"अहो, हे तुमचं वजन? एवढं उतरलं? बाप्पा!"

त्या संध्याकाळी तिनं बहिणीला फोन केला. बहिणीनं नंदेला केला. रात्री नऊपर्यंत तिघांचे फोन आले. दोघांनी विचारलं, "शुगर तपासली का?" तिसऱ्यानं आवाज खाली आणून विचारलं, "रिपोर्टमध्ये वाईट काही नाही ना?" मी मात्र हवेत होतो. दुसऱ्या दिवशी गडावरून उतरल्यावर यशाच्या आनंदात तर्री पोह्यांच्या दोन प्लेटा मारल्या, वर तर्री मागून घेतली, आणि त्याच्यावर चहा.

अकराव्या दिवशीचा आकडा ७८.७. रेघ खालून उसळी मारून पार छताला लागली. ही म्हणाली, "एका दिवसात परत सगळं भरून आलं?" तेव्हा कुठे माझ्यातला शिक्षक जागा झाला आणि मी चष्मा लावून डावीकडचे आकडे वाचले. आदल्या दिवशीच्या चित्रात ते ७८.२० पासून ७८.६० पर्यंत होते. एवढंच. सगळा य-अक्ष चारशे ग्रॅमचा. एवढ्या वजनाची तर आमच्याकडे भाजी येते.

"अरे, शून्य कुठाय?"

"शून्य लागत नाही, मामाजी."

"लागत नाही म्हणजे?"

"म्हणजे लायब्ररी पाहून घेते, कुठून कुठवर दाखवायचं ते. ऑटोस्केल म्हणतात त्याले."

"आणि प्रमाण कुणी लिहायचं?"

पोट्टा माझ्याकडे असा बघायला लागला, जसा मी त्याला तांब्याच्या बंबाबद्दल विचारतोय. मग म्हणाला, "दिसून तर राहिलं ना, मामाजी."

शून्य लागत नाही, हे नागपूर जिल्ह्यातल्या माणसाला कुणी सांगावं! आमच्या नागपुरात शून्य दगडाचं आहे. झीरो माइलचा खांब इंग्रजांनी उभारला, देशाचा मध्यबिंदू म्हणून आम्ही पाहुण्यांना अजून तो दाखवतो. पण तो शून्य मैलाचा दगडसुद्धा समुद्रसपाटीपासून १०२० फुटांवर उभा आहे. म्हणजे आमचं शून्यही कुणाच्या तरी दृष्टीनं चांगलंच उंच आहे. तेव्हा शून्याबाबत मी हटवादी नाही. माझं म्हणणं इतकंच, की शून्य चौकटीत नसेल तर तसं सांगा.

आमच्या शाळेत ते सांगायची पद्धत होती. आयतालेखात वयं किंवा गुण चाळीसपासून सुरू होत असतील तर आरंभबिंदूजवळ अक्षावर एक वाकडी, नागमोडी खूण करायची. तिला अक्षसंकोच म्हणायचं. इतका नेमका शब्द गणितात क्वचितच सापडतो. मधला तुकडा गाळलाय, त्याचा अक्षाला संकोच वाटतोय, आणि तो संकोच त्यानं भर चौकात अंगावर वागवलाय. या लायब्ररीत तशी खूण आपोआप येत नाही. हवीच असेल तर दोन वेगळी चित्रं एकावर एक ठेवून, मधल्या रेषा पुसून, तिरप्या काड्या हातानं काढाव्या लागतात. संकोच हवा असेल तर तो घरून आणायचा.

मी चिडलो, पण कुतूहलही वाटलं. पोट्ट्याला म्हटलं, मला शिकव. तो हसला. मी त्याला रामटेकचा इतिहास ऐकवला. पी. व्ही. नरसिंह राव १९८४ मध्ये आणि १९८९ मध्ये आमच्या रामटेकमधून खासदार झाले. बारा-पंधरा भाषांत वावरणारा माणूस, हरिभाऊ आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेणारा, आणि त्यानं साठी उलटल्यावर संगणकाच्या भाषाही शिकून घेतल्या, स्वतः प्रोग्रॅम लिहिले. आमच्या मतदारसंघाला या वयात शिकायची परंपरा आहे. भाचा म्हणाला, "त्यांच्या टायमाले ऑटोस्केल नसंल." मी म्हटलं, "म्हणूनच पंतप्रधान झाले."

तर आठवडाभरात मला जे कळलं ते असं. आपल्याकडे म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावेत. ही लायब्ररी आधी पाय बघते आणि मग अंथरूण पसरते. तुम्ही दिलेल्या आकड्यांतला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा हुडकते, त्या दोघांच्या मापाची चौकट शिवते आणि दोन्ही टोकांना पाच टक्के जागा सोडते. शिंपी शिवणीत थोडं जास्तीचं कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. तीच ही माया. माझं वजन ७८.२ ते ७८.६, म्हणजे अंतर ०.४, त्याचे पाच टक्के ०.०२, म्हणून चौकट ७८.१८ पासून ७८.६२ पर्यंत. पूर्वी ही मायाही नव्हती, चौकट जवळच्या गोल आकड्यावर नेऊन ठेवायचे. २०१७ च्या जानेवारीत आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून पाच टक्के ठरले. पाच टक्के म्हटल्यावर सरकारी कामाचा अनुभव असलेल्यांना भलतंच काही आठवेल, पण इथे ते पैसे वरून खालपर्यंत सगळ्यांना सारखे मिळतात.

मी कागद-पट्टी घेऊन हिशेब केला. दहा सेंटीमीटर उंचीचा आलेख, खाली शून्य, वर ऐंशी. त्यात चारशे ग्रॅमची घसरण किती दिसेल? अर्धा मिलिमीटर. शाळेतल्या बॉलपेनाची रेघ तेवढीच जाड असते. ज्या यशाबद्दल मी दोन प्लेटा तर्री पोहे खाल्ले, ते शाईच्या जाडीत बुडून गेलं असतं.

मग भाच्यानं गंमत दाखवली. तेच दहा आकडे, फक्त रेघेऐवजी स्तंभ. चौकटीत दहा सारखे खांब उभे राहिले, एकाच उंचीचे, शाळेच्या कवायतीत उभे केल्यासारखे. स्तंभांच्या बाबतीत लायब्ररीला अक्कल आहे. स्तंभाचा पाय शून्याला चिकटलेलाच ठेवायचा, तिथे मायासुद्धा सोडायची नाही, असा तिचा नियम आहे. कारण स्तंभाची उंची हेच त्याचं म्हणणं असतं, पाय कापला तर म्हणणंच बदलतं. टीव्हीवाल्यांना मात्र हा नियम कुणी शिकवलेला दिसत नाही. निवडणुकीच्या रात्री ४१ टक्क्यांचा खांब ३९ टक्क्यांच्या खांबाच्या तिप्पट उंच असतो.

हिनं दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. एकात नवरा कड्यावरून कोसळतोय, दुसऱ्यात दहा दिवस खांबासारखा उभा आहे.

"खरं कोणतं?"

"दोन्ही."

"म्हणजे तुम्ही उतरलात की नाही?"

पस्तीस वर्षांच्या संसारात मी इतका कोंडीत कधी सापडलो नव्हतो.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. ही लायब्ररी जॉन हंटर नावाच्या अमेरिकन माणसानं लिहायला घेतली आणि २००३ मध्ये लोकांसमोर आणली. हा गृहस्थ मेंदूचा अभ्यासक. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विजेचे तरंग त्याला पडद्यावर बघायचे होते. ते तरंग इतके सूक्ष्म, की त्यांना तुम्ही व्होल्टाच्या पट्टीवर मांडलंत तर झटका आलेला माणूस आणि शांत झोपलेला माणूस एकाच सपाट रेघेवर दिसतील. तिथे पाय पाहूनच अंथरूण घालायला हवं. हंटर २०१२ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. तो राहिला असता तर मी त्याला नम्रपणे विचारलं असतं, की बाबा, मेंदूतल्या वादळासाठी शिवलेली चौकट तू माझ्या पोटाला का घातलीस?

एकदा हातात खेळणं आल्यावर मी घरातलं जे जे मोजता येईल ते मोजत सुटलो. पहिली पाळी पेन्शनची. सहा महिन्यांची पेन्शन टाकली, सहाही आकडे सारखे. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा एकच! आता अंथरूण किती घालशील? लायब्ररीनं वर-खाली स्वतःच्या मनानं थोडी जागा करून घेतली आणि माझी पेन्शन बरोब्बर मधोमध काढली. मी हट्टानं वरची आणि खालची मर्यादा तोच एक आकडा देऊन बघितली. तेव्हा तिनं लाल अक्षरांत बजावलं, त्याचा मथितार्थ असा, की दोन्ही मर्यादा सारख्या ठेवल्यास हिशेबच उरणार नाही, म्हणून मी आपोआप वाढवून घेते आहे. न मागता, न अर्ज करता, आपोआप वाढ. बत्तीस वर्षांच्या नोकरीत ही भाषा मी पहिल्यांदाच वाचली.

नंतर विजेचा मीटर. कूलर किती ओढतो ते बघायचं म्हणून दोन दिवस दर चार तासांनी आकडा टिपला, ५४३२१ पासून ५४३२९ पर्यंत. आलेखात य-अक्षावर आकडे आले २, ४, ६, ८. ही एकदम खूश. "आठच? मीटर नवीन बसवला का?" मीही चक्रावलो. मग भाच्यानं बोट ठेवून दाखवलं. वरच्या डाव्या कोपऱ्यात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, '+५.४३२ई४'. म्हणजे अक्षावरच्या प्रत्येक आकड्यात ५४३२० मिळवून वाचा. लांबलचक आकडे परत परत लिहायला नकोत म्हणून तिनं ते काढून कोपऱ्यात ठेवले होते. सोनाराच्या पावतीवर घडणावळ अशीच लिहिलेली असते.

पण खरी फजिती झाली ती बिलांच्या तुलनेत. शेजारच्या घरी दोन एसी आहेत, आमच्याकडे एक कूलर. त्यांच्या मुलानं हौसेनं वर्षभराच्या बिलांचे आकडे दिले. मी दोन चौकटी शेजारी शेजारी काढल्या. दोन्हींत मार्च-एप्रिलला चढण, मे महिन्यात शिखर, पावसाळ्यात उतार. दोन्ही शिखरं छताला टेकलेली. ही अभिमानानं म्हणाली, "पहा, आपण काही कमी नाही!" शेजाऱ्यांच्या गॅलरीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. भाच्यानं एक शब्द वाढवला, शेअर वाय, म्हणजे दोन्ही चौकटींना एकच य-अक्ष. क्षणात आमचं वर्षभराचं बिल अंबाळा तलावाच्या पाण्यासारखं तळाशी सपाट झालं. बिल कमी म्हणून आनंद व्हायला हवा होता. पण अर्धा तास घरात कुणी कुणाशी बोललं नाही. गरिबी कधी जाणवली नव्हती, ती एका शब्दानं जाणवली.

प्रत्येकाला स्वतःच्या मापाची चौकट मिळाली की सगळ्यांची दुःखं आणि सुखं सारख्याच उंचीची. लग्नाच्या हॉलमध्ये बघा. मुलीकडच्याला वाटतं आपला खर्च आभाळाला लागला, कॅटरिंगवाल्याला वाटतं आपला तोटा आभाळाला लागला, आणि पंगतीत बसलेल्या काकांना वाटतं, आपल्याला जिलबी उशिरा मिळाली यापेक्षा मोठी घटना आज मंडपात घडलेली नाही. तिघांचे आलेख मांडून दाखवा, तिघांच्याही रेघा छताला टेकलेल्या असतील.

उलटंही होतं. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश सेल्सिअस दाखवलं. देशभर बोंब झाली. नागपूरकर माणसाला उन्हाचा अभिमान असतो, त्यामुळे पहिले काही तास आम्ही छाती काढून फिरलो. मग हवामान खात्यानं सांगितलं, की यंत्राच्या संवेदकात बिघाड होता. शहराचा खरा विक्रम २३ मे २०१३ चा, ४७.९ अंशांचा, तो शाबूत राहिला. भाच्यानं त्या महिन्याचे आकडे वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरून टिपून ठेवले होते, त्यात हा ५६ सुद्धा. आलेख काढला. एक सुळका आभाळात गेलेला, आणि बाकीचा मे महिना खालच्या भागात दबलेला. ज्या उन्हानं आमच्या गल्लीतली कुत्री गटारात जाऊन झोपली होती, ते ४५ अंश त्या चित्रात महाबळेश्वरसारखे गार दिसत होते. घरातला एक पोट्टा अमेरिकेत गेला की गावातल्या चार भावांचं जे होतं, तेच त्या बिचाऱ्या ४५ अंशांचं झालं. लायब्ररीला शंका येत नाही. आलेला पाहुणा खोटा असला तरी ती त्याच्या उंचीचा दरवाजा करते.

शेवटी मी म्हटलं, पुरे झालं हे आपोआप. भाच्याला सांगितलं, माझ्या वजनाच्या मर्यादा मीच ठरवणार. त्यानं सेट वायलिम म्हणून एक ओळ दिली. खाली ७०, वर ८०. माझं सत्तरला जायचं स्वप्न आणि ऐंशीला न जाण्याचा निश्चय, दोन्ही त्या एका ओळीत आले. त्यानं बजावलं, "मामाजी, आता ते ऑटोस्केल बंद झालं बरं. तुम्ही एकदा सांगितलं की ते मधात पडत नाही." स्वयंपाकघरात जाऊन एकदा 'मीठ मी घालतो' म्हणावं आणि मग अख्खा स्वयंपाक आपल्या अंगावर यावा, तसं. आकडे बदलले तरी चौकट हलत नाही. चालू चित्रातली रेघ बदलली आणि चौकटही बदलायला हवी असेल तर आधी मर्यादा सोडून द्यायच्या, मग रीलिम म्हणायचं, मग ऑटोस्केल व्ह्यू म्हणायचं, तेव्हा ती नव्यानं माप घेते.

हे ऐकलं आणि मला आमच्या यक्षाची आठवण झाली. वा. वि. मिराशींनी मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेकच, असं साधार मांडलं. वर गडावर कालिदासाचं स्मारकही आहे, त्यामुळे यक्ष हा आमच्याकडे गावातलाच माणूस समजला जातो. कुबेरानं वर्षभराची हद्दपारी दिली, विरहात पोरगा इतका वाळला की हातातलं सोन्याचं कडं गळून पडलं. पंडितांनी त्यात विरह पाहिला. मला आता दिसतं, की कड्याची मर्यादा ठरलेली होती, हात आत वाळत गेला आणि कड्याला कुणी रीलिम म्हटलं नाही. तरी यक्षाचं बरं, त्याला काटा नसताना कळलं. माझं उलट्या दिशेनं झालं.

दिवाळी आली. चकली, करंजी, अनारसे, शिवाय हिच्या माहेरून आलेला डबा. भाऊबीजेच्या सकाळी काट्यावर ८०.४. आकडा टाकला, आलेख काढला, आणि रेघ ऐंशीपाशी जाऊन चौकटीतून बाहेर निघून गेली. ना इशारा, ना लाल अक्षरं. पुढे कोरा कागद.

"रेघ कुठे गेली?" हिनं विचारलं.

"गडावर."

चार दिवस मी त्या आलेखावर फार समाधानी होतो. जे चौकटीत नाही ते नाहीच, या तत्त्वावर कितीतरी ऑफिसं चालतात, मग माझं पोट का चालू नये? पण हिनं पाचव्या दिवशी काट्यासमोर उभं करून आकडा मोठ्यानं वाचला, आणि तत्त्व संपलं.

रामटेकात मर्यादांचा प्रश्न पूर्वीच सोडवलेला आहे. गडावर वराहाची भली मोठी दगडी मूर्ती आहे, वाकाटकांच्या काळातली. तिच्या पोटाखालून जो पार निघतो तो पुण्यवान, अडकला तो पापी, अशी समजूत इथे सांगितली जाते. लहानपणी आम्ही पोरं दिवसातून दहादा पुण्यवान व्हायचो. वराह कुणाचं पोट बघून आपलं पोट वर उचलत नाही. आमदार येवो की पेन्शनर, खालची मर्यादा जमीन, वरची मर्यादा दगड, पाच टक्के माया नाही. निवृत्तीच्या वर्षी मी एकदा, आसपास कुणी नाही असं बघून, खाली वाकलो होतो. खांद्यापर्यंत गेलो. आसपास कुणी नव्हतं हे माझं म्हणणं, माकडं होती.

आता फ्रिजवर एकच आलेख चिकटवलेला आहे. स्तंभांचा, खाली शून्य, वर शंभर. छापून आल्यावर उजव्या कोपऱ्यात मी बॉलपेनानं चौकट करून लिहिलं, 'प्रमाण : य-अक्षावर १ सेमी = १० किलो'. भाच्यानं व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि म्हणाला, "मामाजी, यात तर काहीच बदललेलं दिसत नाही." मी म्हटलं, "दिसून तर राहिलं ना!"

त्या शेतकरी पालकांचा मुलगा आता इथेच दुकान चालवतो. परवा साखर घ्यायला गेलो तेव्हा त्याचा अर्धा मार्क परत करायचं मनात आलं होतं, पण प्रमाण त्यानं लिहिलं नव्हतं ते नव्हतंच. अर्धा किलो साखर घेतली.

आजचं वजन ७९.१. वराहाच्या खालून खांद्यापर्यंतच जातो.